घरचा संगणक आणि ई-मेलमधून येणारे विषाणू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतवाङ्मय, संगीत नाटक आणि परप्रांतातील मराठी शिक्षण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला संगणकाच्या विषाणूंसारखा रुक्ष विषय बसविण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले आहे. त्यांना या विषयाची निकड वाटली याचे कारण आपल्या कार्यालयातच आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने गेले वर्षभर मंडळाची जुनी इतिवृत्ते, गणेशोत्सवातील छायाचित्रे, नाट्यप्रयोगांच्या हस्तपत्रिका आणि दिवंगत सभासदांची पत्रे यांच्या प्रतिमा घेऊन त्या एका संगणकात साठविण्यात आल्या. मंडळाची ई-मेलही त्याच संगणकावर उघडली जाते, आणि सर्व सभासदांच्या पत्त्यांची यादीही त्यातच आहे. पन्नास वर्षांचा ठेवा ज्या खोलीत ठेवला त्याच खोलीचे दार रस्त्यावर उघडते, अशी ही स्थिती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी याहून निराळे नसेल. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. त्यांनी धाडलेली नातवंडांची छायाचित्रे, बँकेचे हिशेब, निवृत्तिवेतनाचे कागद, सारे एकाच यंत्रात असते, आणि त्याच यंत्रावर रोज सकाळी आलेले टपाल आपण उघडतो.

ई-मेलला कोणी ‘विपत्र’ म्हणतात. तो शब्द कानी पडला की मला विपत्तीची आठवण होते, आणि आजच्या विषयापुरती ती काही अगदीच अस्थानी नाही. तथापि मी रूढ शब्दच वापरीन.

संगणकाचा विषाणू म्हणजे मनुष्याने लिहिलेली आज्ञावली. स्वतःची प्रत दुसरीकडे उतरविणे हा तिचा विशेष. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली अशी आज्ञावली करून दाखविली, तेव्हा त्याचे अध्यापक लिओनार्ड एडलमन यांनी तिला हे नाव सुचविले. टपालातून आपोआप पुढे जाणाऱ्या प्रकाराला जाणकार ‘वर्म’, म्हणजे कृमी, असे वेगळे नाव देतात. आपल्याला त्या भेदाचे कारण नाही; घरात शिरलेला प्राणी झुरळ आहे की वाळवी, हे ठरविण्याआधी दार लावावे लागते.

हे दार कसे उघडते, याचा जुना नमुना डिसेंबर १९८७ मधला आहे. पश्चिम जर्मनीतील क्लाउस्थाल येथील एका विद्यार्थ्याने विद्यापीठांना जोडणाऱ्या जाळ्यावरून नाताळची एक भेट पाठविली. पत्रात म्हटल्याप्रमाणे एक शब्द टंकला की पडद्यावर अक्षरांनी रेखाटलेले नाताळचे झाड उमटे. पाहणारा ते कौतुकाने पाही, आणि तेवढ्या वेळात ती आज्ञावली त्याच्या परिचितांची नावे काढून प्रत्येकाला तेच झाड, त्याच्याच नावाने, पाठवून देई. लवकरच ती आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरली, आणि झाडांच्या गर्दीने ते जाळे तुंबून गेले. श्रोतेहो, या गोष्टीत कुलूप कोणी तोडलेले नाही. प्रत्येकाने ओळखीच्या माणसाची भेट म्हणून ती आज्ञावली स्वतःच्या हाताने चालविली. त्यानंतरच्या जवळजवळ चार दशकांत यंत्रे बदलली, भाषा बदलल्या, लुटारूंचे हेतूही बदलले. पण टपालातून येणारा विषाणू बहुधा अजूनही याच वाटेने येतो. तो आपल्या परस्परविश्वासावर स्वार होऊन येतो.

१९९९ च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ आला. त्याने वर्डच्या दस्तऐवजात दडून बसण्याची युक्ती केली होती. ‘आपण मागितलेला कागद सोबत आहे, इतर कोणास दाखवू नये’ अशा आशयाचे पत्र ओळखीच्या नावाने येई, आणि कागद उघडला की पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना तेच पत्र जाई. गुपिताची ही फोडणी किती नेमकी होती पाहा. दुसऱ्याचे गुपित न उघडण्याइतका संयम किती जणांपाशी असतो?

परंतु सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण ४ मे २००० चे आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. त्या गुरुवारी फिलिपीन्सची राजधानी मनिला येथून एक पत्र निघाले. त्याचा विषय होता ‘आय लव्ह यू’. सोबत एक फाइल होती, आणि ते आपले प्रेमपत्र असून कृपया वाचावे, अशी विनंती होती. आशियातील कचेऱ्या उघडल्या तशी ती पत्रे आशियात पसरली, युरोपात सकाळ झाली तशी तेथे पोहोचली, मग अमेरिकेत. जणू सूर्याच्या मागोमाग त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. जगभर लक्षावधी संगणक त्याच्या तावडीत सापडले. साहेबाकडून, कारकुनाकडून, वर्षानुवर्षे अबोला असलेल्या नातलगाकडूनही प्रेमपत्रे आली, आणि लोकांनी ती उघडली. हसू येण्याजोगीच ही गोष्ट आहे. पण त्या विषाणूने घराघरांत जे केले ते हसण्यासारखे नव्हते. संगणकात ज्या ज्या ठिकाणी त्याचा हात पोहोचला तेथील छायाचित्रांच्या फाइलींवर त्याने स्वतःच्या प्रती लिहून ठेवल्या. फाइल हरवली तर सापडण्याची आशा असते. जिच्यावर दुसरेच काही लिहिले गेले, ती गेली. ज्यांनी आपली छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवलेली नव्हती त्यांची ती कायमची गेली.

आता त्या फाइलीचे नाव नीट पाहू. ते होते ‘लव्ह-लेटर-फॉर-यू’, त्यापुढे टिंब देऊन ‘टीएक्सटी’, आणि त्यापुढे पुन्हा टिंब देऊन ‘व्हीबीएस’. फाइलीच्या नावाचे हे शेवटचे शेपूट ती कोणत्या जातीची आहे ते सांगते. ‘टीएक्सटी’ म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. ‘व्हीबीएस’ म्हणजे चालणारी आज्ञावली. नियम असा की शेवटचे शेपूट खरे. परंतु विंडोजची मूळ मांडणी अशी की ओळखीच्या जातींचे शेवटचे शेपूट ती दाखवीतच नाही. कदाचित पडदा नेटका दिसावा म्हणून. त्यामुळे पाहणाऱ्याला फक्त ‘टीएक्सटी’ दिसले, आणि तो फसला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या छायाचित्राच्या नावाने हीच युक्ती पुन्हा यशस्वी झाली. नवल हे की विंडोज ११ मध्येही ही शेपटे आरंभी लपविलेलीच असतात. एवढ्या अनुभवानंतरही ही सोय तशीच ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मात्र ती बदलणे आपल्या हाती आहे. फाइल एक्स्प्लोररमध्ये वरच्या पट्टीवर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ अशी खूण केली की शेपटे दिसू लागतात. त्यानंतर निमंत्रणपत्रिका म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’, ‘एससीआर’, ‘जेएस’, ‘व्हीबीएस’ यांपैकी काही आढळले, तर ती निमंत्रणपत्रिका नव्हे. ‘आयएसओ’ किंवा ‘एलएनके’ आढळले तरीही तेच समजावे.

या प्रकरणाला कायद्याचीही एक बाजू आहे. मनिलातील संशयितांवर खटला चालू शकला नाही, कारण अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच त्या वेळी फिलिपीन्समध्ये नव्हता. तो त्याच वर्षी जूनमध्ये झाला. योगायोगाने आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही २००० सालचाच. त्याच्या ४३ व्या कलमात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ६६ व्या कलमान्वये त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु विषाणू सोडणारा परदेशात बसलेला असतो, आणि कायद्याने आपली छायाचित्रे परत मिळत नाहीत.

मेलिसा आणि प्रेमपत्र यांच्या वेळी निदान एवढे खरे होते की ज्याच्या नावाने पत्र आले त्याच्याच संगणकावरून ते निघालेले असे. २००२ साली ‘क्लेझ’ने तीही खूण पुसून टाकली. ज्या संगणकात तो शिरे तेथील यादीतून कोणाही तिऱ्हाइताचे नाव उचलून तो प्रेषक म्हणून लावी. परिणामी ज्याचा संगणक स्वच्छ होता त्याला शिव्याशाप मिळाले, आणि ज्याचा बिघडला होता तो निर्धास्त राहिला. जानेवारी २००४ मधला ‘मायडूम’ तर ‘आपले पत्र पोहोचू शकले नाही’ अशा यांत्रिक सूचनेच्या वेषात येई. मग २०१४ पासून ‘एमोटेट’ उदयास आला. याने पुढे पुढे लोकांच्या पेट्यांतील खरी पत्रे चोरून त्या पत्रव्यवहाराला उत्तरे धाडण्यास आरंभ केला. आपण मागच्या महिन्यात एखाद्याला खरोखरच पत्र लिहिलेले असावे, खाली आपलाच मजकूर असावा, आणि वर दोन ओळी याव्यात की ‘सोबतचा कागद पाहावा’. जानेवारी २०२१ मध्ये युरोपोलच्या समन्वयाने अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे उद्ध्वस्त केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दिसू लागला.

यावरून आपली एक चिरपरिचित सूचना किती अपुरी आहे ते ध्यानात येईल. ‘अनोळखी माणसाचे पत्र उघडू नये’ असे आपण मुलांना आणि मुले आपल्याला सांगत असतात. सूचना चुकीची नाही, पण आजवर ज्या विषाणूंनी हाहाकार केला त्यांतील बहुतेक ओळखीच्याच नावाने आले. आपल्यापैकी अनेकांची हयात कारखान्यात गेली आहे, म्हणून तेथलेच उदाहरण देतो. दुरुस्तीसाठी यंत्राची वीज तोडलेली असताना ओळखीचा फिटर येऊन ‘साहेब, चालू करा’ म्हणाला, म्हणून कोणी खटका दाबीत नव्हते. परवानापत्रिका सही होऊन परत आली का, हे पाहिले जाई. फिटरवर अविश्वास होता असे नव्हे. पण ओळख वेगळी आणि खातरजमा वेगळी, हे तेथे प्रत्येकाच्या अंगवळणी पडले होते. जोडलेली फाइल उघडणे म्हणजे खटका दाबणे होय. तिची अपेक्षा आपल्याला होती काय? नसल्यास पाठविणाऱ्याला दूरध्वनी करावा. त्याच पत्राला उत्तर देऊन विचारू नये, कारण उत्तर भलत्याच्या हाती जाण्याचा संभव असतो. मुलाला अमेरिकेत अवेळी उठवावे लागेल असे वाटत असेल तर फाइल सकाळपर्यंत थांबू शकते. आजच, एका तासात, अन्यथा खाते बंद, असे जे पत्र म्हणते ते तर दोन दिवस अवश्य थांबवावे.

साधा मजकूर वाचल्याने सामान्यतः काही बिघडत नाही. ‘सामान्यतः’ म्हणण्याचे कारण असे की सप्टेंबर २००१ मध्ये ‘निमडा’ नावाचा विषाणू पत्राचे नुसते दर्शन घेतल्यानेही शिरत असे. मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीतील एका भगदाडातून तो येई. आणि ते भगदाड बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे सुमारे सहा महिने आधी, उपलब्ध झालेली होती! ज्यांनी ती बसविली होती त्यांच्याकडे पत्र पाहण्याने काही झाले नाही. संगणक जेव्हा अद्ययावत होण्याची परवानगी मागतो तेव्हा ‘नंतर’ हे बटन दाबण्याची आपल्याला जी सवय आहे तिची किंमत एवढी आहे. याच कारणासाठी हेही सांगितले पाहिजे की विंडोज १० साठीचा नियमित दुरुस्तीपुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. ज्यांच्या घरी अजून तेच आहे त्यांचे यंत्र उत्तम चालत असेल, पण त्यावर टपाल उघडण्यापूर्वी त्यांनी घरातील जाणत्याचा सल्ला घ्यावा.

वर्ड किंवा एक्सेलचा कागद उघडताच ‘मजकूर दिसण्यासाठी अमुक बटन दाबा’ असे जर त्या कागदातच लिहिलेले असेल, तर तो कागद बंद करावा. खरा कागद आपल्याकडे अशी याचना करीत नाही. त्या बटनामागे ‘मॅक्रो’, म्हणजे कागदात दडविलेल्या आज्ञा, असतात. इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपण होऊन अडविण्यास सुरुवात केली. मेलिसानंतर तेवीस वर्षांनी. मग पत्रे पाठविणाऱ्यांनी मोर्चा इतर जातींच्या फाइलींकडे वळविला. कुलूप लावलेली ‘झिप’ ही त्यांतली एक आवडती. पेटीला कुलूप असल्याने तपासनीसाला आत डोकावता येत नाही, आणि किल्ली मात्र त्याच पत्रात लिहिलेली असते. गोपनीयतेसाठी कुलूप असेल तर किल्ली त्याच पाकिटात कोण पाठवील?

विषाणुरोधक आज्ञावलीबद्दल मला नेहमी विचारले जाते. या क्षेत्रात मराठी माणसाचे नाव आहे, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्या दुकानात विषाणूंनी बिघडलेली यंत्रे येऊ लागली, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढून टाकणाऱ्या आज्ञावली लिहिल्या. त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. विंडोजमध्येही २०१२ पासून ‘डिफेंडर’ अंगभूत आहे, आणि तो चालू व अद्ययावत असेल तर घरगुती उपयोगाला पुरेसा आहे असे माझे मत आहे. कोणताही एक रक्षक ठेवावा. दोन ठेवले की ते एकमेकांशीच झटू लागतात. मात्र त्याच्यावर सर्व भार टाकू नये. सगळे विषाणू अचूक ओळखील अशी आज्ञावली तत्त्वतःच होऊ शकत नाही, हे ज्यांचा मी आरंभी उल्लेख केला त्या कोहेन यांनीच गणिताने दाखवून दिले आहे. दुसरी एक साधी व्यवस्था आहे, तिची उपेक्षा होते. संगणकात रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते काढावे आणि सर्वाधिकार असलेले खाते केवळ नवीन काही बसविताना वापरावे. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून कोणी बाजारात जात नाही.

आता आपल्या छायाचित्रांकडे येतो. २०१६ मध्ये ‘लॉकी’ नावाचा विषाणू वर्डच्या कागदातून, देयकाच्या मिषाने, घरोघरी पोहोचला. तो फाइली पुसत नसे. कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. अशा खंडणीखोरांचा सुळसुळाट आजही आहे. त्यांच्यापुढे एकच गोष्ट टिकते, ती म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत. ‘वेगळी’ या शब्दावर माझा भर आहे. पुष्कळ जण बाहेरची डिस्क विकत घेतात आणि ती संगणकाला कायम जोडूनच ठेवतात; मग विषाणू तीही कुलूपबंद करतो. प्रत उतरविल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी, आणि शक्य तर दुसरी एक प्रत दुसऱ्या घरी असावी. मंडळाच्या ठेव्याची एक डिस्क कार्यालयात आणि एक कोषाध्यक्षांच्या घरी राहावी, आणि वर्षातून दोनदा ती उघडून आतील चित्रे खरोखर दिसतात का हे पाहावे, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

आणखी एक विनंती मंडळाच्या पत्रांविषयी. सध्या कोजागिरीची सूचनासुद्धा जोडलेल्या फाइलीतून येते, आणि वर तीनशे सभासदांचे पत्ते उघडे असतात. त्या तीनशेंपैकी एकाचा संगणक बिघडला की ती सारी यादी परक्याच्या हाती पडते, आणि मग मंडळाच्या नावाने आलेली ‘वर्गणीची पावती’ आपल्यातील ज्येष्ठ मंडळी निःशंक मनाने उघडतील. सूचना पत्राच्या मजकुरातच लिहावी, फाइल जोडू नये, आणि पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. मंडळ फाइल कधी पाठवीतच नाही असे एकदा सर्वांना ठाऊक झाले, की बनावट पत्र आपोआप उघडे पडेल.

एवढे करूनही कोणाच्या घरी विषाणू शिरलाच तर प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे. त्यानंतर दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ई-मेलचा व बँकेचा परवलीचा शब्द बदलावा, आणि आपल्या नावाने पत्रे गेली असतील हे परिचितांना दूरध्वनीने कळवावे. हे कळविण्याची पुष्कळांना लाज वाटते, आणि त्या लाजेच्या अवधीत विषाणू आणखी दहा घरे घेतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा; तेथे जितक्या लवकर कळेल तितका रक्कम अडविण्याचा संभव अधिक. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात.

चहापानानंतर मी कार्यालयातील संगणकावर ती शेपटे दिसू लागण्याची व्यवस्था करून दाखविणार आहे. ज्यांनी आपापले संगणक बरोबर आणले आहेत त्यांनी तेथे यावे, त्यांच्या यंत्रांवरही ते लगेच करून देता येईल.